पाण्यात न गेलेली वही

कल्याण, रविवार दुपार

प्रिय शुभे,

स. न. वि. वि. चार महिने फोन नाही की पत्र नाही, तेव्हा आधी शिव्या घालून घे. गुडघा तसाच, यांची साखर आटोक्यात. तब्येत संपली.

काल रात्री दोनपर्यंत जागून एक कादंबरी संपवली. नेव्ह मार्च या बाईंची 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे'. २०२० ची आहे, माझ्या हातात आत्ता पडली. अगं, राजाबाई टॉवर! २५ एप्रिल १८९१! आर्देशीर गोदरेजांची बचुबाई आणि त्यांच्या नात्यातली ती मुलगी, भर दिवसा वरून पडलेल्या. नावं बदललीत, घराण्याचं फ्रामजी केलंय, पण टॉवर तोच. ज्याच्या पायथ्याशी आपण वडापाव खायचो आणि 'वर सोडा ना काका' म्हणून वॉचमनच्या मागे लागायचो.

बाई मुंबईच्या पारशी, आता न्यू जर्सीत. पहिलीच कादंबरी, आणि काय हात आहे! पुण्याच्या लष्करी इस्पितळात एक जखमी कॅप्टन पडून आहे, शेरलॉक होम्स वाचतोय. आडनाव अग्निहोत्री! मला वाटलं सदाशिव पेठेतलाच. पण आई इथली, बाप कुणीतरी गोरा, त्यामुळे तो धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. पारशी घरात त्याला मान आहे, जेवायला बसवतात, पण मुलगी द्यायची वेळ आली की दार कसं हळूच लोटून घेतात, ते फार सुंदर लिहिलंय. मध्ये तो लाहोरकडे जातो, तिथे मला जरा कंटाळा आला. तुला आला नसता, तुला घोडे आवडतात.

पण खरं सांगायचंय ते हे नाही. तो कॅप्टन या भानगडीत पडतो कशामुळे? बायको गमावलेल्या नवऱ्याचं वर्तमानपत्रातलं पत्र वाचून. शुभे, आपण दोघी वहीत हीच गोष्ट लिहायला बसलो होतो, तेव्हा हे तू म्हणाली होतीस! 'नवऱ्यापासून सुरू करू, कोर्टापासून नको.' आणि मी, मोठी शहाणी, म्हणाले की खटला, साक्षीदार, आरोपी सुटला, लोक खवळले, यात खरी मजा. त्यावर सहा महिने अबोला. आणि डब्यातली कैरीही तू दिली नाहीस, ते मी विसरलेले नाही.

आता ऐक, आणि बसून ऐक. तू बडोद्याहून वही मागितलीस, एकटीने पुरं करीन म्हणालीस. मी सांगितलं, २६ जुलैच्या पाण्यात गेली. पाणी आलं होतं, ते खरं. पण वही माळ्यावर होती. चटईसुद्धा भिजली नाही तिथली. तू माझ्याशिवाय लिहशील, हे मला बघवेना. बस, एवढंच कारण. त्याला दुसरं काही नाव देता येत नाही.

नंतर ती कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवली. आईच्या त्या हिरव्या गोदरेजच्या. बायको गेल्यावर ज्याने पुढे १८९७ मध्ये कुलपं करायला घेतली, त्याच्याच कपाटात त्याच्या बायकोची गोष्ट मी इतकी वर्षं कोंडून ठेवली. पहाटे हे लक्षात आलं आणि मी एकटीच हसत बसले. यांना वाटलं साखर उतरली.

सकाळी काढून वाचली. भाषा भयंकर आहे, 'नभोमंडळ' वगैरे. पण नवऱ्याचं तुझं दीड पान अजून चांगलं आहे.

अनिकेतचं जमलं का? नवीन जागेत पाणी येतं ना? माईंना नमस्कार.

वही कुरिअरने पाठवणार नाही. दिवाळीनंतर येऊन ने, पाहिजे तर भांड.

तुझी,
मंगी

ता. क. त्या दीड पानावर लाल पेनाने काट मारलेली आहे. माझीच.