तालुक्याचा आकडा काढा, पण त्रुटीच्या मर्यादेसह छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाश्वत विकास उद्दिष्टांची मुदत 2030 ला संपते. तालुक्याचा आराखडा त्या उद्दिष्टांशी जोडायची वेळ आली, की कुपोषण, अ‍ॅनिमिया, गरिबीच्या रकान्यात बहुधा जिल्ह्याचीच टक्केवारी उतरवली जाते. नंदुरबारमध्ये याचा अर्थ असा, की तापीकाठची शहाद्याची बागायती गावे आणि धडगावचे डोंगरातले पाडे एकाच आकड्याने मोजले जातात. तालुकावार स्वतंत्र सर्वेक्षणाला लागणारी माणसे आणि पैसा दरवेळी मिळणार नाही. असलेल्या सर्वेक्षणातूनच तालुक्याचा अंदाज काढण्याची रीत मात्र आहे. तिला स्मॉल एरिया एस्टिमेशन म्हणतात. ती राज्याने वापरावी, पण तिच्या खाचाखोचा ओळखून.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) 707 जिल्ह्यांत 6,36,699 कुटुंबे घेतली, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी 900. त्यांत पाच वर्षांखालची 300 मुले मिळाली आणि त्यांतली 45 टक्के खुजी निघाली, असे धरू. एका गावातली घरे एकमेकांसारखी असतात, म्हणून व्हेरियन्स (अंदाज किती हलू शकतो, याचे माप) दीडपट धरू. मग जिल्ह्याचा आकडा दोन्ही बाजूंना 7 टक्क्यांनी हलतो. ते चालण्यासारखे आहे. तीच मुले सहा तालुक्यांत पन्नास-पन्नास वाटली, की हा हेलकावा 17 वर जातो: 28 पासून 62 पर्यंत काहीही! शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण इथे पातेली सहा आहेत. त्यातही वाटणी सारखी होत नाही, एखाद्या तालुक्याच्या वाट्याला दोनच गावे येतात. सर्वेक्षणाच्या पत्रकात 25 पेक्षा कमी नोंदी असल्या, तर टक्केवारीऐवजी तारांकन छापतात, ते उगीच नाही.

अमेरिकेतल्या छोट्या गावांच्या दरडोई उत्पन्नासाठी फे आणि हेरियट या संख्याशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलेले मॉडेल आजही कामाला येते. स्त्रियांची साक्षरता, शौचालय, नळाचे पाणी, सिंचन, आरोग्य केंद्राचे अंतर अशी प्रत्येक तालुक्याची माहिती घ्यायची, तिचा खुजेपणाशी संबंध बसवायचा आणि त्यातून निघालेला अंदाज सर्वेक्षणाच्या आकड्याशी मिसळायचा. किती मिसळायचा, हे सूत्र ठरवते. वरच्या 50 मुलांच्या तालुक्यात सर्वेक्षणाचा व्हेरियन्स 74 येतो. मॉडेलला न पकडता आलेला तालुक्यातालुक्यांतला फरक, तोही व्हेरियन्समध्ये, 25 धरला, तर सर्वेक्षणाला 25 भागिले 99, म्हणजे सुमारे पाव वजन मिळते. सर्वेक्षण 60 म्हणते, मॉडेल 48, मिश्रण 51. मुले 200 असती, तर वजन निम्म्याहून थोडे जास्त झाले असते. मॉडेल ठीक बसले असेल, तर 17 चा हेलकावा साधारण 9 वर येतो. फायदा एवढाच, पण तो मोठा आहे.

गाडी अडते ती पुढे. खान्देशात जळगावचे 15, धुळ्याचे 4 आणि नंदुरबारचे 6, असे 25 तालुके. एवढ्यावर पाच-सहा घटकांचे मॉडेल बसवणे म्हणजे आकड्यांशी खेळ. ते राज्यातल्या 358 तालुक्यांवर बसवावे. मात्र पुण्या-मुंबईभोवतीच्या तालुक्यांत शौचालय आणि पोषण यांचे जे नाते दिसते, ते अक्कलकुव्यात लागू पडेलच असे नाही, म्हणून आदिवासी पट्ट्यासाठी मॉडेलमध्ये वेगळा घटक हवा.

दुसरा धोका अधिक फसवा. दोन गावांतल्या सगळ्या बाळंतपणांची नोंद दवाखान्यात निघाली, तर टक्केवारी 100 आणि व्हेरियन्स शून्य येतो. सूत्राला वाटते हा आकडा अगदी पक्का, आणि ते त्याला पूर्ण वजन देते. नमुना सर्वांत तोकडा, तिथेच विश्वास सर्वांत जास्त! म्हणून तालुक्याचे व्हेरियन्स जसेच्या तसे न घेता, नमुन्याच्या आकारावरून आधी गुळगुळीत करून घ्यावेत.

पूरक माहिती 2011 च्या जनगणनेची असेल, तर ती स्वच्छ भारत आणि जल जीवनच्या आधीची, हे विसरू नये. सरदार सरोवरातल्या बुडितामुळे अक्राणी (म्हणजे धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांतून उठून तळोद्याकडे वसलेल्या गावांचे संकेतांकही तपासून जुळवावे लागतात. रात्रीच्या उजेडाची उपग्रह चित्रे हल्ली लोकप्रिय आहेत. सपाटीवर ती काही सांगतात, पण सातपुड्यात बहुतेक पाडे सारखेच काळे दिसतात, तिथे गरीब आणि अतिगरीब असा फरक त्यातून कळत नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबांच्या घराला कुलूप असते. ती नमुन्यातच आली नाहीत, तर कोणतेही मॉडेल त्यांना परत आणू शकत नाही.

शेवटी तालुक्यांची सरासरी जिल्ह्याच्या आकड्याशी जुळवावी. सरासरी 47 आणि जिल्हा 45 असेल, तर प्रत्येक तालुक्याला 45/47 ने गुणावे. ही सरासरी एकूण लोकसंख्येच्या नव्हे, लहान मुलांच्या संख्येच्या वजनाने काढायला हवी.

अर्थ व सांख्यिकी संचालनालयाने असे अंदाज 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन'मध्ये द्यावेत. आकड्याशेजारी त्रुटीची मर्यादा (तो दोन्ही बाजूंना किती हलू शकतो) असावी, आणि ज्या तालुक्यात एकही नमुना-गाव नव्हते तिथे 'केवळ मॉडेलवरून' अशी खूण असावी. 51 आणि 47 या दोन तालुक्यांत पहिला-दुसरा क्रमांक लावून निधी वाटू नये. मर्यादा 9 ची असताना हा फरक नाहीच. जानेवारी 2025 पासून राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात जिल्हा हा मूलभूत स्तर (नमुना निवडण्याचा मूळ गट) धरला जातो. राज्याच्या नमुन्यात प्रत्येक निवडलेल्या गावासोबत तालुक्याचा संकेतांक आणि पाड्याचे नाव नोंदवून ठेवले, तर पुढच्या वेळी निम्मे काम आधीच झालेले असेल.

– सांख्यिकीचे काही अभ्यासक, धुळे व नंदुरबार