होमस्टेच्या जबाबदारीबद्दल, लेकीस

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परदेशी पाहुण्यांना सभासदांच्या घरी ठेवून घेणाऱ्या आपल्या क्लबाने पुढच्या गटाचं समन्वयन तुझ्याकडे दिलं, हे ऐकून मनापासून बरं वाटलं. फोनवर तू विचारलंस, "कार्यक्रम कसा आखू?" त्याचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं. पहिली गोष्ट ही, की कार्यक्रम सगळ्यांत शेवटी आखायचा. आधी घरं, मग माणसं, मग कोणाला कुठल्या घरात ठेवायचं ते, आणि मग उरलेल्या वेळात कार्यक्रम. पाहुणे आणि यजमान एकमेकांचे होतात ते स्वयंपाकघरात, जेवणानंतर टेबलाशी, नाहीतर दोघं मिळून एखादं किरकोळ काम करताना. सहलीच्या बसमध्ये ते क्वचितच होतं. त्या वेळेची राखण करणं हे तुझं काम.

नियम कुठून आले हे माहीत असलं की ते पाळायला सोपे जातात. 'सर्वास' ही प्रवाशांना सभासदांच्या घरी उतरवून घेणारी संघटना १९४९ साली डेन्मार्कमध्ये सुरू झाली. बॉब लुइटवीलर हा युद्धाला विरोध करणारा अमेरिकन तरुण तिच्या मुळाशी होता. तिच्यात माणूस एकटा किंवा कुटुंबासह यजमानाकडे जातो, आधी मुलाखत होते, परिचयपत्र मिळतं, मुक्काम साधारण दोन रात्रींचा असतो आणि राहण्याचे पैसे कोणी घेत नाही. 'फ्रेंडशिप फोर्स'ची मांडणी वेगळी. वेन स्मिथ या अमेरिकन धर्मोपदेशकाची ती कल्पना. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १ मार्च १९७७ रोजी व्हाइट हाउसमध्ये राज्यांच्या गव्हर्नरांसमोर तिची घोषणा केली, आणि त्याच वर्षी जुलैत अटलांटा आणि इंग्लंडमधलं न्यूकॅसल यांच्यात पाहुण्यांची पहिली अदलाबदल झाली. इथे गावातला क्लब दुसऱ्या देशातल्या क्लबाच्या गटाला आपल्या घरांत ठेवून घेतो, साधारण पाच ते सात रात्री. हा फरक महत्त्वाचा आहे. दोन रात्री कोणीही कोणाशीही निभावून नेतं. सात रात्री निभावून नेता येत नाहीत. म्हणून आपल्यासारख्या क्लबात जोड्या जुळवण्यावर इतका वेळ घालवावा लागतो.

घरांपासून सुरुवात कर, आणि ती गट यायच्या निदान सहा महिने आधी. समज २० पाहुणे आहेत, त्यांत आठ जोडपी आणि चार एकेकटे. म्हणजे बारा घरं लागतील. तू चौदा तयार ठेव. शेवटच्या पंधरवड्यात कोणाच्या घरी आजारपण येतं, कोणाला कामासाठी बाहेरगावी जावं लागतं. राखीव घरं नसतील तर पाहुणे नाइलाजाने कुठल्याही घरात कोंबले जातात आणि तिथेच बिघडतं. राखीव यजमानांना मोकळं ठेवू नकोस. एका रात्रीच्या जेवणाला पाहुणे बोलावणं किंवा एक दिवस फिरवून आणणं त्यांच्याकडे दे, म्हणजे ते पहिल्यापासून सगळ्यांच्या ओळखीचे राहतात. नोकरी करणारे यजमान नाकारू नकोस. त्यांच्या पाहुण्यांसाठी कामाच्या दिवसांत दुसरा 'दिवसाचा यजमान' जोडून दे. नाहीतर क्लब निवृत्त माणसांचाच होऊन बसतो.

नव्या यजमानाचं घर आधी जाऊन बघ, क्लबातल्या आणखी एकीला सोबत घेऊन. स्वतंत्र खोली आहे का, दाराला आतून कडी आहे का, बाथरूमला जायला कोणाच्या झोपायच्या खोलीतून जावं लागतं का, रात्री जिन्यावर उजेड असतो का. घरात आणखी कोण राहतं ते विचार आणि त्या सगळ्यांना भेट. पाहुणा येणार हे घरातल्या एकालाच मान्य असेल तर ते घर त्या वर्षी नको. ओळखीच्या दोन माणसांचे संदर्भ जुन्या सभासदांकडूनही घे. सगळ्यांकडून घेतले की कोणाला अपमान वाटत नाही.

आता अर्ज. हा भाग मी लांबवणार आहे, कारण निम्म्याहून अधिक अडचणी अर्जातल्या ढोबळ प्रश्नांमुळे येतात. "प्रकृती कशी आहे?" असं विचारलं की सगळे "उत्तम" लिहितात. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. आपल्याला वगळतील अशी भीती असते. म्हणून मोजता येईल असं विचार: न थांबता किती मिनिटं चालू शकता? कठड्याशिवाय किती पायऱ्या चढता? रात्री किती वेळा उठावं लागतं? आंघोळीला टबमध्ये पाय उचलून जाता येतं का? खाण्याबद्दल चार वेगळे रकाने ठेव: ॲलर्जी, डॉक्टरांनी वर्ज्य केलेलं, धर्माने किंवा तत्त्वाने वर्ज्य, आणि नुसतं न आवडणारं. हे एकाच रकान्यात घातलं की यजमान शेंगदाण्याची जीवघेणी ॲलर्जी आणि वांग्याची नावड एकाच मापाने मोजतो.

झोपेचे प्रश्न संकोचाचे असतात, तरीही विचारायचे. जोडपं एका पलंगावर झोपतं की वेगवेगळ्या? घोरणं आहे का? श्वास थांबण्याच्या त्रासासाठी सीपॅप यंत्र वापरतात का? ते यंत्र असेल तर पलंगाच्या हाताशी प्लग हवा. बहुतेक यंत्रं १०० ते २४० व्होल्टवर चालतात, पण खात्री यंत्रावरचं लेबल वाचून करायची. पिनचा आकार देशागणिक बदलतो, त्यासाठी अडॅप्टर आधी आणून ठेवायचा. वाफेची टाकी असेल तर डिस्टिल्ड पाणी लागतं, आणि ते पाहुण्याला विमानातून आणणं कठीण. इन्सुलिन घेणाऱ्यासाठी फ्रिजमध्ये जागा लागते, २ ते ८ अंश सेल्सियसची. मागच्या भिंतीला किंवा बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलं तर ते गोठतं, आणि गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी टाकून द्यायचं असतं. हे यजमानाच्या हातात लेखी दे.

यजमानांचा अर्जही तितकाच बारकाईचा असू दे. कुत्रा-मांजर आहे का, आणि ते पाहुण्याच्या खोलीत एरवी झोपतं का. हा दुसरा प्रश्न लोक विसरतात. मांजर आठवडाभर शेजारी ठेवलं तरी गादीतले आणि पडद्यांतले ॲलर्जीचे कण जात नाहीत. तीव्र ॲलर्जीवाल्याला ते घर चालणारच नाही.

जोड्या जुळवायला गट यायच्या साधारण दहा आठवडे आधी बस. प्रत्येक पाहुण्याचं आणि प्रत्येक घराचं एकेक कार्ड करून टेबलावर मांड. संगणकावरच्या तक्त्यात सगळं एकदम दिसत नाही. सोबत आणखी एकच माणूस घे, आणि दोघींपैकी कोणी आपल्या मैत्रिणीसाठी पाहुणा निवडायचा नाही. आधी सगळ्यांत अवघड कार्डं उचल. ज्यांना जिना चालत नाही, ज्यांना प्राणी चालत नाहीत, ज्यांना औषधांची सोय हवी, त्यांची घरं ठरली की अर्धं काम झालं. मग पलंग. मग भाषा: पाहुण्याला जी भाषा थोडीही येते, ती घरात निदान एकाला बऱ्यापैकी येते का. आवडीनिवडी आणि वय सगळ्यांत शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. "दोघांनाही बागकाम आवडतं" म्हणून जोडी लावतात, आणि पाहुण्याला तिसऱ्या मजल्यावर चढवतात.

एकेकट्या आलेल्या दोघांना एका घरात, त्यातही एका खोलीत, ठेवायचं असेल तर दोघांची लेखी संमती आधी घे. "समजून घेतील" यावर विसंबू नकोस. जुनी ओळख असलेले यजमान आणि पाहुणे एकमेकांना मागतात. त्यांना एकत्र दे, त्यात अन्याय नाही. बाकी कोणालाही यादीतून पाहुणा निवडू देऊ नकोस. एकाला दिलं की सगळे मागतात, आणि कमी बोलणारे, वयस्कर, आजारी पाहुणे शेवटी कोणालाच नको असतात.

जोड्या ठरल्या की आठवड्याभरात यजमानाने पहिलं पत्र लिहायचं. घरातली माणसं कोण, खोली कशी, हवामान कसं असेल, घरी चपला घालतात की नाही, एवढं पुरे. दोन-तीन पत्रं झाली की विमानतळावर कोणी अनोळखी राहत नाही. पत्राला उत्तर आलं नाही, तर पंधरा दिवसांनी तू स्वतः समोरच्या क्लबाच्या समन्वयकाला विचार. बहुतेक वेळा ईमेल स्पॅममध्ये पडलेलं असतं, पण यजमान मनात खट्टू होऊन बसतो.

आता कार्यक्रमाकडे ये. पोचण्याच्या दिवशी काहीही ठेवू नकोस, स्वागतसमारंभ तर नाहीच. कालविभाग ओलांडून आलेलं शरीर ढोबळ मानाने दिवसाला तासाभराने जुळवून घेतं, आणि पूर्वेकडे प्रवास केलेल्यांना जास्त जड जातं. त्या संध्याकाळी पाहुण्याला आंघोळ, हलकं जेवण आणि अंथरूण हवं असतं. स्वागत दुसऱ्या संध्याकाळी, दोन तासांत आटोपणारं, भाषणं मिळून दहा मिनिटांची. सगळ्यांनी मिळून जायच्या सहली आठवड्यात दोन किंवा तीन, त्याही अर्ध्या दिवसाच्या. दर दोन तासांनी स्वच्छतागृहाचा थांबा. बसमध्ये पाहुणे एकीकडे आणि यजमान दुसरीकडे बसतात आणि आपापल्या भाषेत बोलत राहतात; म्हणून चढतानाच यजमान आपल्या पाहुण्याशेजारी बसवायचा आणि परतीच्या वाटेवर दुसऱ्याच्या पाहुण्याशेजारी. मधला एक अख्खा दिवस रिकामा ठेव, जमल्यास दोन. समितीतून कोणीतरी नक्की म्हणेल, की एवढ्या लांबून आलेत, त्यांना अमुक दाखवलंच पाहिजे. तिथे ठाम राहा. स्थळं बघायला प्रवासी कंपन्या आहेत. आपल्याकडे जे मिळतं ते रिकाम्या दिवशीच मिळतं: यजमानासोबत बाजारहाट, त्याच्या म्हाताऱ्या आईची भेट, त्याच्या मुलांचा गृहपाठ. निरोपसमारंभ निघायच्या आदल्या संध्याकाळी, आणि पहाटेचं विमान असेल तर त्याच्याही आदल्या दिवशी.

घरात शिरल्यावरच्या पहिल्या तासासाठी यजमानांची एक बैठक घे. गरम पाणी कसं येतं, फ्लश कसा चालतो, खिडकी कशी उघडते, रात्रीचा दिवा कुठे, हे हाताने करून दाखवायचं. तोंडी सांगितलेलं थकलेल्या माणसाच्या लक्षात राहत नाही. घरचा पत्ता आणि फोन स्थानिक लिपीत लिहिलेलं कार्ड पाहुण्याच्या खिशात द्यायचं, कारण तो हरवला तर रिक्षावाल्याला किंवा पोलिसाला तेच दाखवता येतं. कपाटात एक कप्पा रिकामा करून द्यायचा. "काही हवंय का?" हा प्रश्न टाळायला सांग. अनोळखी घरात माणूस "नको" असंच म्हणतो. "आंघोळ आधी की जेवण आधी?" असं विचारलं की खरं उत्तर येतं. भाषा अडली तर आवाज वाढवायचा नाही. छोटी वाक्यं, म्हणी-वाक्प्रचार नकोत, आणि आकडे व वेळा लिहून दाखवायच्या. भाषांतराचं ॲप फोनवर ऑफलाइन उतरवून ठेवायचं. औषधाच्या मात्रेसाठी मात्र त्याच्यावर विसंबायचं नाही, तिथे दुभाष्या माणूसच हवा. आणि पाहुणा दुपारी तासभर खोलीत गेला तर त्याला बोलवायला जायचं नाही. दिवसभर परक्या भाषेत वावरणं दमवणारं असतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. निमंत्रणपत्रावर नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर. बरेच देश पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक असावी असं मागतात. परदेशी पाहुणा घरी उतरला की ठरावीक मुदतीत प्रशासनाला कळवणं काही देशांत यजमानावर बंधनकारक असतं, आणि ही मुदत तासांतही असू शकते; म्हणून आपल्याला लागू होणारा नियम आधी वाच आणि प्रत्येक यजमानाला लेखी दे. प्रवासविम्याचा पॉलिसी क्रमांक आणि औषधांची मूळ रासायनिक नावं तुझ्याकडे हवीत. ब्रँडची नावं देशाबाहेर उपयोगी पडतीलच असं नाही.

पैशांत एकच चूक पुन्हा पुन्हा होते. बसचं आणि सभागृहाचं भाडं १४ माणसांनाही तेवढंच आणि २० माणसांनाही तेवढंच, पण माणशी रक्कम २० धरून काढली जाते. चार जण गळाले की तूट. म्हणून स्थिर खर्च कमीत कमी संख्येने भाग, जेवण-तिकिटं माणशी मिळव, वर दहा टक्के ठेव, आणि उरलं तर परत कर. बँकेचं हस्तांतरण शुल्क कोण भरणार आणि कुठल्या तारखेनंतर पैसे परत मिळणार नाहीत, हे पहिल्याच पत्रात असू दे. सहलीत यजमानाचं तिकीट कोण काढणार हेही. या एका प्रश्नावर तिकीट खिडकीसमोर फार अवघडलेपण येतं.

आणि घर जमलंच नाही तर? पाहुण्यांसाठी आणि यजमानांसाठी तुझ्याशिवाय आणखी एक माणूस नेम, ज्याला कधीही फोन करता येईल. लक्षणं ठरलेली असतात: पाहुणा प्रत्येक कार्यक्रमाला सर्वांत आधी येतो आणि सर्वांत शेवटी निघतो, किंवा यजमान त्याला दुसऱ्याच कोणाबरोबर पाठवत राहतो. दोघांशी वेगवेगळं बोल. सुरक्षिततेचा, नकोशा स्पर्शाचा किंवा व्यसनाचा प्रश्न असेल तर चौकशी नंतर. त्याच तासाला पाहुण्याला राखीव घरी हलव, सामान दुसऱ्याने आणायचं, आणि दोन्ही क्लबांना लेखी कळव. नुसतं स्वभावाचं न जमणं असेल तर दिवसाचा यजमान वाढवून दे, बहुतेक वेळा तेवढ्याने आठवडा सरतो.

गट गेल्यावर आठवड्याच्या आत यजमानांना एकत्र बसव, आठवणी ताज्या असताना. काय चुकलं ते लिहून पुढच्या समन्वयकाच्या फाइलमध्ये ठेव, नावं न घालता.

अर्ज आले आणि जोड्यांचा पहिला मसुदा झाला, की नावं झाकून मला पाठव. इन्सुलिन, जिना आणि मांजर, एवढं मी तपासून देते.

तुझी,
आई