दोन पाकिटं

वाई, २८ मे २०२१, रात्री

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

हे वाचते आहेस म्हणजे काउंटरवरून सुटलीस. तिथपर्यंतचं सगळं मी तुझ्याकडून तोंडपाठ करून घेतलंय, ते पुन्हा लिहीत नाही. विमान सुटल्याशिवाय उघडू नकोस असं सांगितलं होतं. तू ऐकलं असशील असं धरून चालतो.

तुझ्या हातातल्या पिशवीत दोन पाकिटं आहेत. एक हे. दुसरं अमेरिकन वकिलातीतून आलेलं, खाकी, सीलबंद, 'उघडू नये' लिहिलेलं. टपाल खात्यात छत्तीस वर्षं काढली, दुसऱ्यांची बंद पाकिटं हाताळण्यात हयात गेली. पण आपल्याच घरी आलेलं पाकीट दीड महिना कपाटात न उघडता ठेवायची पाळी पहिल्यांदाच आली. तुझ्या आईने दोनदा ते ट्यूबलाइटसमोर धरून बघितलं. मी पाहिलं हे तिला माहीत नाही.

आत काय आहे ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. तुझा जन्माचा दाखला, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला, निखिलरावांची मिळकतीची कागदपत्रं. सगळं आपणच गोळा केलेलं. त्यातला जन्माचा दाखला मिळवायला किती चपला झिजल्या! एका कचेरीत तुझ्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त पडला आणि तो 'ए' काढायला पाच आठवडे गेले. अर्धी कचेरी क्वारंटाइन, उरलेली अर्धी 'साहेब आले की बघू' म्हणणारी. तेव्हा मी चिडलो होतो. आता वाटतं, बरं झालं, त्या निमित्ताने रोज सकाळी तुझ्याबरोबर गणपती घाटापर्यंत चालणं झालं.

ते पाकीट न्यूअर्कला इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याच्या हातात द्यायचं. तो फोडेल. तू नाही, निखिलराव नाहीत. बोटांचे ठसे घेतील, कदाचित बाजूच्या खोलीत बसवतील. घाबरू नकोस, कायमचं राहायला येणाऱ्या पुष्कळ जणांना तसं बसवतात. नाव पुकारतील तेव्हा लक्ष असू दे. त्यांच्या तोंडात तुझं नाव कसं येईल सांगता येत नाही.

मग शिक्का. हे मात्र पोस्टमास्तर म्हणून सांगतो. तुझ्या पासपोर्टातल्या व्हिसाच्या पानावर प्रवेशाचा शिक्का बसला की तो व्हिसाच वर्षभर ग्रीन कार्डाचं काम करतो. तसं त्या पानावर छापलेलंच आहे. म्हणून खिडकी सोडण्याआधी शिक्का नीट उमटलाय का बघ. तारीख वाचता आली पाहिजे. शाई कमी असली की तारखेचा शेवटचा आकडा खातो, हे मी हजारदा पाहिलंय. शेजारी 'सीआर१', म्हणजे तुझ्या व्हिसाचा प्रकार, लिहिलंय का तेही बघ. नसेल तर तिथेच, हसून, पुन्हा विचार. एकदा बाहेर आलीस की तोच शिक्का दुरुस्त करून घ्यायला महिने जातील. खरं कार्ड मागाहून टपालाने येईल. त्याचे २२० डॉलर, म्हणजे सोळा हजारांच्या आसपास, आपण आधीच भरलेत. पावती निळ्या फाइलमध्ये तिसऱ्या कप्प्यात. पत्रपेटीवर तुझंही नाव लावून घे. घरात नवीन माणूस आलंय हे त्या पोस्टमनला कोण सांगणार?

आता जे तोंडावर सांगता आलं नाही ते.

१७ मेची गोष्ट. तौक्ते वादळ आलं आणि मुंबई विमानतळ सकाळी अकरापासून रात्रीपर्यंत बंद राहिला. तुझी दोन दिवसांपूर्वीची टेस्ट निगेटिव्ह, ई-पास हातात, गाडीवाल्या बाळूने टाकी भरलेली, आणि फोनवर निरोप आला की आजचं विमान नाही. तू आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलंस. मी बाहेर तोंड पाडून बसलो आणि एकेकाला फोन करून 'काय करणार, निसर्गापुढे इलाज नाही' म्हणत होतो. मुक्ते, ते खोटं होतं. मला इतका आनंद झाला होता की मी उठून परसात गेलो, छत्री न घेता. आईने त्या संध्याकाळी थालीपीठं लावली आणि तुझ्या ताटात लोणी वाढताना ती गुणगुणत होती. तू इतकी हिरमुसलेली होतीस की तुझ्या लक्षात आलं नसावं.

त्याआधीचंही सांगून टाकतो. ३० एप्रिलचा तो शुक्रवार. अमेरिकेच्या अध्यक्षांनी घोषणा काढली की आधीच्या चौदा दिवसांत भारतात राहिलेल्यांना ४ मेपासून प्रवेश नाही. टीव्हीवर रात्रभर 'अमेरिकेची दारं बंद' चाललं होतं. तिकीट काढून देणाऱ्यानेही सांगितलं, काका, विसरा आता. तू रडलीस. मी रात्री दीड वाजेपर्यंत ती मूळ घोषणा डिक्शनरी घेऊन वाचत बसलो. पहिल्याच कलमात सापडलं: बंदी 'नॉनइमिग्रंट' लोकांना. विद्यार्थी, पर्यटक, नोकरीच्या व्हिसावरचे. तू इमिग्रंट. शिवाय पुढे अपवादांच्या यादीत नागरिकांचे नवरा-बायको वेगळे दिलेलेच होते, आणि निखिलराव तिकडचे नागरिक. एका 'नॉन'वर तुझा संसार तरला.

पण मी तुला ते सकाळी सांगितलं. रात्री दीडला सांगितलं नाही. एक रात्र मला अशी हवी होती की ज्यात दार बंद आहे आणि त्यात माझा काही दोष नाही.

हे वाचून रागावशील. हक्क आहे तुला. लग्न ९ फेब्रुवारी २०२० ला झालं, तीन आठवड्यांनी निखिलराव गेले, मार्चअखेर सगळं जग कुलूपबंद. नवऱ्याबरोबर एकवीस दिवस आणि फोनवर पंधरा महिने. तुझ्या मैत्रिणीचे हाल पाहिले होतेस, तिचा नवरा नागरिक नाही, ग्रीन कार्डवाला, म्हणून आधीच्या अध्यक्षांच्या बंदीत ती अडकली, आणि यंदा २४ फेब्रुवारीला नव्या अध्यक्षांनी ती मागे घेईपर्यंत लटकली. तू त्यातून वाचलीस. मार्चच्या मध्याला मेडिकल झालं, म्हणजे व्हिसा सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच. 'दुसरी लाट ओसरू दे, मग जा' असं मी म्हणत होतो तेव्हा तू ती तारीख माझ्यासमोर कॅलेंडरवर लाल पेनने लिहिलीस. बोलली नाहीस काही. त्यानंतर मी गप्प बसलो.

लस तिकडे गेल्यावरच घेईन असं तू म्हणतेस तेच बरोबर. इथे अठरा ते चव्वेचाळीसवाल्यांचं लसीकरण सुरू झालं नाही तोच राज्याने थांबवलं. माझा पहिला डोस १८ मार्चला झाला. दुसऱ्यासाठी गेलो तर आदल्याच दिवशी अंतर बारा ते सोळा आठवडे झालेलं, म्हणून परत पाठवलं. तिकडे एप्रिलपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना मोफत लस आहे, औषधाच्या दुकानातसुद्धा. पहिले सात दिवस घरात राहा, तीन ते पाच दिवसांत टेस्ट करून घे, मग लस घे. विमानात मास्क काढू नकोस. सोळा तास मास्क लावून झोप लागत नाही हे कळतं मला. नको लागू दे.

तुझ्या कार्डाबद्दल एक सांगायचंय. लग्नाला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत चाललीस, म्हणून तुझं कार्ड दोन वर्षांचं, अटीचं. ते संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत तुम्ही दोघांनी मिळून अर्ज करायचा की लग्न खरं आहे, अट काढा. आईला हे कळल्यावर ती म्हणाली, आमच्या मुलीच्या लग्नाला प्रोबेशन लावतात का? मी म्हटलं, मीही खात्यात दोन वर्षं प्रोबेशनवरच होतो, कायम झालो ना! पण मलाही ते लागलंच. चारशे माणसांसमोर अंतरपाट धरला होता. असो. त्यांचा देश, त्यांचा कायदा. दोघांच्या नावाचं बँक खातं, घरभाड्याचा करार, एकत्र फोटो, सगळं पहिल्या दिवसापासून एका जागी ठेव. दोन वर्षं आत्ता लांब वाटतात.

मात्र हेही लक्षात ठेव. तुझ्या आतेबहिणीसारखी तू नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला बांधलेली नाहीस. ती बिचारी एम.टेक. होऊन चार वर्षं घरात बसली, कारण तिला कामाची परवानगी नव्हती. तू उतरल्या दिवसापासून काम करू शकतेस. कोणाची सही नको, कोणाची मेहेरबानी नको. निखिलराव चांगले आहेत. पंधरा महिने रोज रात्री फोन करणाऱ्या माणसाबद्दल मला शंका नाही. तरी तुझा पासपोर्ट, तुझं कार्ड, तुझ्या पदवीची कागदं तुझ्या हाताशी, तुझ्या कप्प्यात असू देत. त्यांच्या फाइलमध्ये एकत्र नीट लावून ठेवलेली नकोत. निगुतीने ठेवलेली वस्तूही दुसऱ्याच्या कप्प्यात असली की मागावी लागते. हे त्यांच्यावर अविश्वास म्हणून नाही. माझ्या बहिणीच्या वेळी मी हे बोललो नाही म्हणून आता बोलतोय.

आणि ती गोष्ट, जिच्यावर घरात कोणी बोलत नाही. बाळामामा एप्रिलमध्ये गेला. बेडसाठी साताऱ्यात तीन दवाखाने फिरलो, चौथ्यात मिळाला, उशीर झाला होता. तेव्हापासून तुझ्या डोळ्यांत एक प्रश्न आहे, तो मी रोज टाळतोय. आमचं काही झालं तर? मुक्ते, इथे येऊन परत तिकडे जायला कायद्याने तुला अडचण नाही, अमेरिकेची ती बंदी तुला लागू नाही. पण विमानं मोजकी, तिकिटांचे भाव वाटेल ते, दर आठवड्याला नवा नियम. तेव्हा माझ्यासाठी लगेच विमानात बसू नकोस. आधी फोन कर, काय ते नीट विचार, मग ठरव. आईला हे वाक्य दाखवलं, ती म्हणाली, खोडा ते, ती येईल. मी खोडलं नाही. तुम्ही दोघी ठरवा.

ऑक्सिमीटर आणलाय, देशपांड्यांकडे दुसरा आहे. बाळूचा नंबर भिंतीवर लिहिलाय. दुधाची पिशवी फाटकावरच ठेवतात. बाकी इथे काळजीचं काही नाही.

उद्या विमानतळावर मी आत येऊ शकणार नाही, फक्त प्रवाशांनाच सोडतात. ट्रॉली तूच ढकलशील. मी बाहेर काचेपाशी थांबेन. तू वळून हात केलास तरी मास्कमुळे मला फक्त डोळे दिसतील. ते पुरतील. परतीचा अडीचशे किलोमीटरचा रस्ता आहे, ई-पासवर परतीची वेळ लिहिलेली आहे, त्यामुळे रेंगाळायचीही सोय नाही.

आंबे दिले नाहीत म्हणून आईवर रुसू नकोस. तिने पेटी आणली होती, मीच नाही म्हटलं. ताजी फळं तिथे विमानतळावरच काढून घेतात. दुकानातही यंदा आपला हापूस मिळायचा नाही. निर्यातीचा आंबा तपासायला तिकडचे निरीक्षक वाशीला यावे लागतात, आणि साथीमुळे गेल्या वर्षापासून ते आलेलेच नाहीत. म्हणजे हापूसलाही दोन हंगाम व्हिसा नाही. तुला मिळाला. लोणचं, गोडा मसाला, मेतकूट दिलंय. विचारलं तर खाण्याचे पदार्थ आहेत म्हणून सरळ सांग, लपवू नकोस.

पावणेबारा झालेत. बाहेरच्या खोलीत तुझी आई मोठी बॅग पुन्हा काट्याला लावतेय. तेवीस किलोची मर्यादा, काटा तेवीस किलो चारशे दाखवतोय. मेतकुटाचा एक पुडा काढ म्हटलं, तर म्हणते काटाच चुकतोय. काटा माझा आहे, पोस्टातून निवृत्त होताना विकत घेतलेला. चुकत नाही. पण मी तिला म्हटलं, चुकत असेल.

तुझा,
बाबा