प्रतिपिंडांचा वारसाही मोजायला हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील लसीकरणावरील लेखात, प्रतिपिंडे (रोगजंतूंना चिकटून त्यांना रोखणारी रक्तातील प्रथिने, म्हणजेच अँटीबॉडीज) माणूस जन्मानंतर कमावतो, ती वारशाने मिळत नाहीत, अशा अर्थाचे एक विधान आहे. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. दोष मी लेखकाला देत नाही, कारण महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना मीही अनेक वर्षे हेच सांगत आलो.

माणसाकडे प्रथिने घडवणारी जनुके सुमारे २० हजारच असताना कोट्यवधी प्रकारची प्रतिपिंडे तयार कशी होतात, हे कोडे जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी स्वित्झर्लंडमधील बासेल येथील प्रयोगांतून १९७६ मध्ये उलगडले आणि त्यासाठी त्यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रतिपिंडाचे जनुक अखंड नसते. त्याचे सुटे तुकडे गुणसूत्रावर ओळीने मांडलेले असतात आणि प्रत्येक बी-पेशी, म्हणजे प्रतिपिंडे बनवणारी पांढरी रक्तपेशी, त्यांतले मोजके निवडून जोडते व मधले कापून टाकते. अशा प्रत्येक तुकड्यालाही जनुकच म्हणतात. प्रतिपिंड जड आणि हलक्या अशा दोन प्रकारच्या प्रथिन-साखळ्यांचे बनते. जड साखळीसाठी १४ व्या गुणसूत्रावर ‘व्ही’ जातीचे चाळीसेक, ‘डी’ जातीचे वीसहून अधिक आणि ‘जे’ जातीचे सहा उपयोगी तुकडे असतात. हलक्या साखळीचे तुकडे दुसऱ्या आणि २२ व्या गुणसूत्रावर असतात. वर्गात मी पत्त्यांचे उदाहरण देत असे: कॅट सगळ्यांचा तोच, पिसणी ज्याची त्याची. चूक होती ती इथेच, कारण कॅटसुद्धा सगळ्यांचा सारखा नसतो. आईवडिलांकडून आलेल्या कॅटात कुणाकडे एखादे पान मुळातच नसते, कुणाकडे तेच पान दोनदा असते, तर कुणाच्या पानावरचे चित्र किंचित निराळे असते.

हा फरक किरकोळ नाही. ‘आयजीएचव्ही १-६९’ हे जड साखळीच्या ‘व्ही’ तुकड्यांतले एक पान घेऊ. त्याच्या काही रूपांत ५४ व्या जागी फेनिलॲलॅनिन हे अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतला एक मणी) असते, तर काहींत ल्युसिन. इन्फ्लुएंझाच्या विषाणूवरील काट्यांचा सहसा न बदलणारा देठाचा भाग पकडणारी बरीचशी प्रतिपिंडे पहिल्या रूपापासून बनतात. ज्यांना दोन्हीकडून ल्युसिनचेच रूप मिळाले आहे, त्यांना हा मार्ग बहुधा बंद असतो आणि त्यांचे शरीर दुसऱ्या पानांवर विसंबते. याहून बोलके उदाहरण अमेरिकेतील एचआयव्ही लसीच्या एका प्राथमिक चाचणीचे आहे, जिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ही लस ‘आयजीएचव्ही १-२’ या जनुकातून निघणाऱ्या विशिष्ट बी-पेशींना जागे करण्यासाठीच घडवली होती. लस दिलेल्या ३६ जणांपैकी ३५ जणांत अपेक्षित पेशी सापडल्या. उरलेल्या एकाकडे त्या जनुकाची आवश्यक रूपे वारशाने आलेलीच नव्हती. लसीची मात्रा वाढवून किंवा आहार सुधारून हे पान त्याच्या हाती येणार नव्हते.

रोगांच्या बाबतीतही असे धागे दिसले आहेत. ओशियानियातील (प्रशांत महासागरातील) बेटांवरील लोकांच्या अभ्यासात ‘आयजीएचव्ही ४-६१’ च्या एका रूपाच्या प्रत्येक प्रतीमागे ऱ्हुमॅटिक हृदयरोगाची (घशाच्या जंतुसंसर्गानंतर हृदयाच्या झडपा बिघडवणाऱ्या रोगाची) जोखीम सुमारे १.४ पट आढळली. गर्दीची घरे आणि वेळेवर न मिळणारे पेनिसिलिन ही त्या रोगाची मोठी कारणे यामुळे पुसली जात नाहीत, हे मात्र लक्षात ठेवावे.

मग इतके दिवस हे नजरेआड का राहिले? गुणसूत्रांवरील ज्या पट्ट्यांत हे तुकडे असतात, तेथील जनुके एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत की, डीएनएचे आखूड तुकडे वाचून जुळवण्याच्या प्रचलित पद्धतीत कुठला तुकडा कुठल्या जनुकाचा, हेच कळत नाही. जनुके आणि रोग यांचे नाते शोधणाऱ्या बहुतेक मोठ्या पाहण्यांनी हा भाग म्हणूनच बाजूला ठेवला. शिवाय अनेक देशांतील लोकांचे जनुकसंच वाचणाऱ्या आणि जगभर वापरल्या गेलेल्या ‘१००० जीनोम्स’ प्रकल्पातील बराचसा डीएनए प्रयोगशाळेत वाढवलेल्या बी-पेशींतून घेतलेला होता. म्हणजे ज्या पेशींनी नेमका हाच भाग आधी कापून टाकलेला असतो, त्यांच्याकडेच आपण त्याची चौकशी करत होतो!

आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभागाच्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात सुमारे दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांचे वाचन झाले असून ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली करण्यात आली. काम मोठे आहे, पण तेही मुख्यतः आखूड तुकड्यांच्या पद्धतीने झाले आहे. त्यातील काहीशे नमुन्यांत निदान १४ व्या, दुसऱ्या आणि २२ व्या गुणसूत्रांवरील हे तीन पट्टे तरी लांब तुकडे वाचणाऱ्या यंत्रांवर पुन्हा वाचावेत, अशी माझी मागणी आहे. थेट रक्तातून घेतलेल्या डीएनएत बहुसंख्य पेशींत या पट्ट्यांतले काहीच कापलेले नसल्याने बी-पेशींची ती अडचण येथे येत नाही. साठवलेला डीएनए पुरेसा लांब टिकलेला असावा, एवढीच अट आहे. आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या लग्ने ठरावीक गटांतच होत आली आहेत. डॉ. सांघवी आणि डॉ. खानोलकर या संशोधकांनी १९४९ मध्येच मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांची रक्तगटादी लक्षणे तपासून त्यांच्यातील फरक नोंदवले होते. प्रतिपिंडांच्या जनुकांची रूपेही अशा गटांत कमीअधिक प्रमाणात असणे संभवते. आफ्रिकेतील मुलांना दिली जाणारी आर-२१ ही मलेरियाची लस पुण्यात तयार होते आणि मलेरियाच्या परजीवीवरील अनेक प्रभावी मानवी प्रतिपिंडे ‘आयजीएचव्ही ३-३३’ या एकाच जनुकातून निघतात. जगाला लसी पुरवणाऱ्या देशात तरी लसीच्या चाचणीतील स्वयंसेवकांची ही जनुके तपासण्याची पद्धत पडायला हरकत नसावी.

एक भीतीही नोंदवतो. या माहितीवरून उद्या कुणी अमुक जातीची प्रतिकारशक्तीच चांगली, असे म्हणू लागला, तर तो शुद्ध आचरटपणा ठरेल. ही रूपे प्रत्येक गटात मिसळलेली असतात आणि एका रोगात उपयोगी पडणारे पान दुसऱ्यात निरुपयोगी असू शकते. तसेच, आपली प्रतिपिंड-जनुके तपासून घ्या, अशी जाहिरात दिसली तर वाचकांनी पैसे खर्च करू नयेत. त्या अहवालावरून आज कोणताही डॉक्टर उपचार किंवा लस बदलणार नाही. हे काम सध्या संशोधकांचे आहे आणि ते सार्वजनिक पैशातून व्हावे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सातारा