तालमीची खरवड

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका लेखकाने म्हटले आहे की, जुन्या बँडांनी कधी न निघालेल्या, अर्ध्याकच्च्या गाण्यांचे संग्रह बाजारात आणणे म्हणजे खीर संपल्यावर भांड्याचा तळ खरवडून विकणे. लेखकाच्या घरी दूध आटवत नसावेत. आमच्याकडे पेडण्याला दुधाची खरवड कोणाला, यावरून आम्हा चार भावंडांत मारामारी व्हायची.

मी 1987 पासून सोळा वर्षे म्हापशाच्या बाजारात कॅसेटी भरून देण्याचे दुकान चालवले. शुक्रवारी बाजाराला आलेले गिऱ्हाईक सकाळी गाण्यांची यादी देऊन जायचे आणि दुपारच्या बसच्या आधी भरलेली कॅसेट न्यायचे. (कायद्याच्या भाषेत त्या धंद्याला काय म्हणतात, ते इथे नको.) नाट्यगीते, भजने, तियात्रातली (कोंकणी संगीतनाट्यातली) कांतारे म्हणजे गाणी, हिंदी सिनेमा, सगळे खपायचे. मला स्वतःला मात्र वेड होते ते केस फुगवून, ओठ रंगवून गिटारी बडवणाऱ्या अमेरिकी पोरांचे. ग्लॅम मेटल म्हणतात ते. शिवोलीच्या एका मित्राचा भाऊ बोटीवर कामाला होता. तो सुटीवर आला की त्याच्या बॅगेतून मॉटली क्रू, पॉयझन, रॅट बाहेर पडायचे. कॅसेटवरचे फोटो बघून आमचे आबा, म्हणजे वडील, म्हणाले होते, "दशावतारातले स्त्रीपार्टी बरे दिसतात यांच्यापेक्षा."

आता मुद्द्याचे. मॉटली क्रू हा 1981 साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेला बँड. जुन्या कंपनीशी करार संपला तेव्हा आपल्या मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्क त्यांनी स्वतःकडे घेतले आणि 1999 साली 'सुपरसॉनिक अँड डिमॉनिक रेलिक्स' नावाचा संग्रह काढला: डेमो, पूर्वी न निघालेली गाणी, इकडेतिकडे विखुरलेल्या चिजा. डेमो म्हणजे कच्चे ध्वनिमुद्रण, कंपनीला ऐकवायला किंवा आपल्यालाच चाल कशी बसते ते बघायला केलेले. संग्रह एकसंध नाही, हे कबूल. मुख्य गायक मधली काही वर्षे बँडमध्ये नव्हता, त्यामुळे दोन वेगळ्या गायकांचे आवाज एकाच सीडीवर येतात. काही गाणी तर बाजूला ठेवली गेली ते योग्यच झाले. पण त्यांचा गिटारवादक मिक मार्स याची शब्दांविना एक गिटाररचना त्यात आहे, ती मी आजही रात्री लावतो.

त्याच सुमारास त्यांनी जुने अल्बम नव्याने काढले, त्यांच्या शेपटालाही असाच कच्चा माल जोडला. 'थिएटर ऑफ पेन' या 1985 च्या अल्बममागे 'होम स्वीट होम'चा गायकाविना नुसता वाद्यांचा मेळ आहे. मूळ गाणे मी दुकानात शेकडो वेळा उतरवले असेन, पण ढोल बडवणारा टॉमी ली तिथे पियानोवर किती सांभाळून बोट ठेवतो, ते मला त्या कच्च्या मुद्रणात पहिल्यांदा ऐकू आले. गायक समोर असला की साथीकडे कान जात नाही. पायपेटीवाल्याच्या मुलाला हे कळायला इतकी वर्षे लागावीत, याची लाज वाटली.

आबा आमच्या गावच्या उत्सवाच्या नाटकाला पायपेटी वाजवत. 1984 च्या नाटकाच्या तालमी त्यांनी कुवेतहून कोणीतरी आणलेल्या टेपरेकॉर्डरवर भरून ठेवल्या होत्या. प्रयोग नव्हे, तालमी. नव्वद मिनिटांची एक कॅसेट. तिच्यावर काही पुसून भरले जाऊ नये म्हणून तिच्या पाठीवरच्या दोन्ही प्लास्टिकच्या जिभा त्यांनी सुरीने मोडल्या होत्या. 1988 च्या पावसाळ्यात दुकानात कोऱ्या कॅसेटी संपल्या, मित्राला त्याची मॉटली क्रूची कॅसेट संध्याकाळी परत हवी होती. जिभेच्या भोकावर सेलोटेप चिकटवला की कॅसेट पुन्हा भरता येते, हे दुकानदाराला कोणी शिकवावे लागत नाही. मी आबांच्या तालमीवर 'थिएटर ऑफ पेन' भरला. नाव वाचून हसू नका. दुसऱ्या बाजूवर दुसरा एक बँड, तोही काठोकाठ.

आबा काही बोलले नाहीत. पुढच्या कॅसेटी त्यांनी मावशीकडे ठेवल्या, इतकेच. तिथे त्या बुरशीने खाल्ल्या.

अल्बम पस्तीसेक मिनिटांचा आणि कॅसेटची एक बाजू पंचेचाळीसची. म्हणजे शेवटची नऊ-दहा मिनिटे वाचली. मॉटली क्रूचे शेवटचे गाणे संपते, खट्ट आवाज होतो आणि आबा म्हणतात, "परत, परत. अंतऱ्यासावन." मग कोणीतरी खोकतो, पायपेटीचा भाता ओढल्याचा श्वास येतो, आणि एक पुरुष बाईच्या भूमिकेतले पद तीनदा तिसऱ्याच जागी चुकतो. चौथ्यांदा आबा चाल अर्ध्या सुराने खाली घेतात आणि पद बसते. प्रयोगात गाव ऐकते ते बसलेले पद. ते कसे बसले, ते या दहा मिनिटांत आहे.

मूळ फिती नष्ट होणे ही काही आपलीच मक्तेदारी नाही. 2008 साली हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली, त्यात मूळ ध्वनिफितींचे कोठार जळाले. किती काय गेले असावे, याची मोठी बातमी यायला 2019 उजाडले. गोव्यात आग लागायची गरज नसते, जून ते सप्टेंबर पुरतात. फितीच्या वेटोळ्यांत पांढरी बुरशी धरते, फितीला हेडवर, म्हणजे यंत्रातल्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारा फेल्टचा तुकडा गळून पडतो. अशी कॅसेट सापडली तर कृपा करून लगेच लावून बघू नका, फीत तुटते आणि बुरशी हेडवरून पुढच्या कॅसेटीला लागते. आधी सुकवा, स्वच्छ करा, लागल्यास फीत दुसऱ्या कवचात घाला. मगच.

माझी मागणी मोठी नाही. पणजीला पाट्टोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे. 1832 पासूनची संस्था, कागद जपण्याचा तिचा सराव आहे. तिथे एका टेबलावर कॅसेट वाजवणारी दोन चांगली यंत्रे, म्हणजे डेक, एक संगणक आणि एक जाणता माणूस बसवावा. लोकांनी कॅसेट आणावी, तिची उत्तम दर्जाची, म्हणजे 96 किलोहर्ट्झ, 24 बिटची संगणकीय प्रत करून घ्यावी, मूळ कॅसेट आणि एक प्रत घरी न्यावी. तासाला साधारण दोन जीबी जागा लागते, आजच्या काळात ती फुकट म्हणावी इतकी स्वस्त आहे. खोकला, शिव्या, चुकलेले पद काही कापू नये. हक्क घरच्यांचा राहील, असे कागदावर लिहून द्यावे. मॉटली क्रूला आपला जुना माल काढता आला तो हक्क हातात होते म्हणून, हे विसरू नये. आणि देवस्थान समित्यांनी नाटकाच्या ट्रंका उघडाव्यात. पडदे आणि मुकुट आपण मोजून ठेवतो, त्यांच्याखालच्या कॅसेटी कोणी मोजत नाही.

माझे दोन डेक अजून चालू आहेत. ग्रंथालयाचे टेबल मांडले जाईपर्यंत पेडणे-बार्देशातल्या कोणाच्या घरी तालमीची कॅसेट असेल तर घेऊन यावे, पैसे घेणार नाही. पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे. तीनदा चुकणारा तो आवाज कोणाचा, हे ओळखू शकेल असा गावात आता एकच माणूस उरला आहे, तेव्हाचा तबलजी. त्याला ऐकू कमी येते. शनिवारी मोठे हेडफोन घेऊन त्याच्याकडे जाणार आहे.

— एक जुना कॅसेटवाला, खोर्ली, म्हापसा