वीस मिनिटं थांबायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

पीठ भिजवून झाकून ठेवलंय. हातात वीस मिनिटं आहेत, म्हणून लिहायला बसलोय. पत्र एका बैठकीत पुरं होणार नाही. पुढचे काही रविवार याच वीस मिनिटांत थोडं थोडं लिहीन. ही वीस मिनिटं माझ्या स्वयंपाकघरात तुमच्यामुळे आली, तेव्हा ती तुमच्यासाठीच खर्ची पडावीत असं वाटलं. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुम्ही मला जे हाताला धरून दाखवलंत ते मी किती शोधलं तरी कुठल्याच कृतीत नीट सापडलं नव्हतं.

त्या दिवसांत आमची सकाळ कशी असायची हे तुम्हाला भिंतीपलीकडून ऐकू येत असणार. लेकीच्या घशाखाली सकाळी घास उतरत नसे. तिची आई रात्रपाळी करून परतायची, त्यामुळे न्याहारी माझ्याकडे. लेक एकच गोष्ट आनंदानं खायची, ती म्हणजे पॅनकेक. तेही पाकिटातल्या पांढऱ्याशुभ्र पिठाचे, वर साखरेचा पाक. ते खाऊन ती शाळेत जायची आणि मधली सुट्टी व्हायच्या आत तिच्या पोटात कावळे ओरडायला लागायचे. तिच्या आवडीचं तिला मिळावं, पण त्यात पोटाला आधार देणारं काही असावं, एवढंच मला हवं होतं. म्हणून मी मैद्याच्या जागी मापाला माप कणीक घातली.

पहिल्या रविवारी पॅनकेक चामड्यासारखे झाले. दुसऱ्या रविवारी बाहेरून करपले आणि आत कच्चे राहिले. लेकीनं एक तुकडा बराच वेळ चघळला, पाणी प्यायली आणि ताटली हळूच बाजूला सरकवली. ती रडली असती, रुसली असती, तर मला इतकं लागलं नसतं. माझं मन राखायला ती गप्प बसली, हे मला दिसत होतं.

तिसऱ्या रविवारी तुम्ही किल्ली द्यायला दारात आलात. मी जोरजोरात पीठ फेटत होतो. तुम्ही आत आलात, काही न बोलता भांड्यातलं चिमूटभर पीठ अंगठा आणि तर्जनीत धरलंत, हलकेच चोळलंत आणि म्हणालात, ‘‘कोंडा अजून कोरडाच आहे. याला पाणी प्यायला वेळ द्या.’’ मग माझं बोट त्याच पिठात बुडवायला लावलंत. खरंच, बारीक रवाळ कण हाताला टोचत होते. तुम्ही भांड्यावर ताटली झाकलीत आणि खुर्ची ओढून बसलात. वीस मिनिटांनी पुन्हा बोट बुडवायला सांगितलंत. तेच पीठ, पण आता मऊ, जाडसर, सायीसारखं. टोचणं गेलं होतं. ताई, तो बोटाला कळलेला फरक मी आजवर विसरलेलो नाही.

त्या वीस मिनिटांत तुम्ही मला गव्हाचा दाणा समजावून सांगितलात. दाण्यात कोंडा साधारण १४ टक्के, अंकुर जेमतेम २ ते ३ टक्के, उरलेला सगळा पांढरा गर. मैदा म्हणजे नुसता तो गर. कोंडा आणि अंकुर काढून टाकलेले. १०० ग्रॅम मैद्यात तंतू, म्हणजे फायबर, ३ ग्रॅमच्या आसपास, तर तेवढ्याच अख्ख्या गव्हाच्या पिठात १० ते ११ ग्रॅम. म्हणजे मला लेकीच्या ताटलीत जे हवं होतं ते नेमकं त्या कोंड्यात होतं, आणि माझे पॅनकेक बिघडवत होता तोही कोंडाच. तो पाणी जास्त पितो आणि सावकाश पितो. घाईनं तव्यावर टाकलं की कण अर्धे कोरडे राहतात, खाताना घशाला लागतात. मी मात्र पीठ मऊ व्हावं म्हणून आणखी फेटत होतो. फेटून गव्हातलं ग्लुटेन नावाचं चिवट प्रथिन ताणलं जातं आणि पॅनकेक रबरासारखा होतो. तुम्ही माझ्या हातातली फेटणी काढून घेतलीत आणि लाकडी चमचा दिलात. ‘‘दहा-बारा वेळा फिरवा, कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा. बारीक गुठळ्या राहिल्या तरी राहू द्या.’’ गुठळ्या राहू द्यायच्या, हे माझ्या हाताला पटायला तीन रविवार लागले.

तुम्ही त्या दिवशी सांगितलेलं माप मी अजून तसंच ठेवलंय. एक कप कणीक, अर्धा कप मिक्सरमधून काढलेले ओट्स, दीड चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ. दुसऱ्या भांड्यात सव्वा कप दाटसर ताक, एक अंडं, दोन मोठे चमचे तेल किंवा वितळवलेलं लोणी. ओलं कोरड्यात ओतायचं, हलक्या हातानं कालवायचं, झाकायचं. पीठ फार घट्ट झालं तर वरून थोडं ताक. साखर अजिबात नाही. गोडवा वरच्या फळातून येऊ द्यायचा. अंडं चालत नसेल तर एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घालायची, हेही तुम्हीच सांगितलंत. लेकीच्या एका मैत्रिणीला अंडं चालत नाही, तिच्यासाठी मी ते केलं. पॅनकेक जरा ठेंगणा झाला, पण मऊ झाला, आणि ती मुलगी पहिल्यांदा सगळ्यांच्या बरोबरीनं तेच खात बसली.

सोडा आणि पावडर दोन्ही कशाला, असं मी विचारलं होतं. ताकात आम्ल असतं, त्याची सोड्याशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. पण ते लगेच निघतात आणि लगेच विरतात. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर कोरडं आम्ल आधीच मिसळलेलं असतं. आता जी मिळते ती बहुतेक दोनदा काम करते, एकदा ओली झाल्यावर आणि एकदा तव्याची आच लागल्यावर. म्हणून वीस मिनिटं थांबूनही पॅनकेक फुगतो. सोड्याचा हात मात्र आवरता हवा. जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि रंगही भलताच गडद चढतो. माझ्या दुसऱ्या रविवारच्या करपण्यात तोही एक दोष होता, हे तुम्ही डबा बघूनच ओळखलंत.

बेकिंग पावडरची गोष्टही तुमच्याच तोंडून ऐकली. अल्फ्रेड बर्ड नावाच्या इंग्रज रसायनतज्ज्ञानं १८४३ साली ती तयार केली, कारण त्याच्या बायकोला पाव फुगवणारं यीस्ट सोसत नव्हतं. कुणाला एखादी गोष्ट खाता येत नाही म्हणून दुसरं माणूस खटपट करतं, आणि ती खटपट पुढे जगभरच्या स्वयंपाकघरांत पोचते. डब्याचं झाकण उघडताना मला हे हटकून आठवतं. आमच्या घरातली खटपट तुम्ही अंगावर घेतलीत, म्हणूनही असेल.

मागच्या रविवारी इथवर लिहून झालं होतं. आज पुढे.

तव्याचं सांगायचं राहिलं. पॅनकेक तव्यावर बिघडतात हे मला ठाऊक होतं, पण तवा ऐकायचा असतो हे ठाऊक नव्हतं. तुम्ही ओल्या बोटांनी पाण्याचे थेंब उडवलेत. पहिल्यांदा ते पसरून चर्र करत आटले. ‘‘अजून नाही.’’ थोड्या वेळानं पुन्हा उडवलेत, तर थेंब मोत्यासारखे गोल होऊन तव्यावर इकडून तिकडे धावायला लागले. थेंबाखाली वाफेचा पातळ थर होतो आणि थेंब त्यावर तरंगतो. तवा तेव्हा १९० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर असतो. तिथून आच जरा उतरवायची. तेल ओतायचं नाही, फडक्यानं पुसून लावायचं, कारण तेलाचे ओघळ राहिले की पॅनकेकवर पांढरे-काळे डाग उमटतात. पहिला पॅनकेक बहुतेकदा डागाळलेला निघतो तो यामुळेच. मी पहिला बिघडला की खचून जायचो. तुम्ही तो उचललात, मधोमध तोडलात, अर्धा मला दिलात आणि अर्धा स्वतः खाल्लात. आता आमच्या घरी पहिला पॅनकेक करणाऱ्याचा असतो.

आणि उलटायची घाई! पाव कप पीठ ओतल्यावर वर बुडबुडे यायला लागतात. पहिला बुडबुडा दिसला की मी उलथनं घालायचो. तुम्ही माझं मनगट धरलंत. बुडबुडा फुटतो आणि त्याचं भोक पुन्हा भरून येतं, तोवर थांबायचं. कडेची भोकं उघडीच राहायला लागली, कडेची चमक जाऊन ती मंद दिसायला लागली, की उलटायचं, आणि एकदाच. वरून दाबायचं नाही. दाबलं की मेहनतीनं आत भरलेली हवा निघून जाते. दुसऱ्या बाजूला पहिलीच्या निम्मा वेळ पुरतो. काढलेले पॅनकेक एकावर एक रचायचे नाहीत, वाफेनं खालचे ओलसर होतात. जाळीवर सुटे ठेवायचे.

निघता निघता तुम्ही माझ्या कणकेच्या डब्यात नाक घातलंत आणि म्हणालात, ‘‘हे पीठ म्हातारं झालंय.’’ मीही वास घेतला, जुन्या तेलासारखा येत होता. अंकुरात तेल असतं, ते उघड्यावर खवट होतं. म्हणून कोंड्याअंकुरासकट असलेलं पीठ मैद्यासारखं महिनोन्‌महिने टिकत नाही. अख्ख्या धान्याची म्हणून जी कडवट चव मी लेकीच्या माथी मारत होतो, ती बरीचशी शिळ्या पिठाची होती. हे कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून थोडंच पीठ आणतो, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवतो आणि करायच्या आधी वास घेतो.

शाळेच्या दिवशी वीस मिनिटं कुठून आणायची, याचंही उत्तर तुमच्याकडे होतं. कणीक आणि ओट्स रात्रीच ताकात भिजवून फ्रिजमध्ये ठेवतो. अंडं, सोडा आणि पावडर सकाळी. रात्रभर ताकात राहिलेल्या पिठाला किंचित आंबूस, भरीव चव येते, मला तीच जास्त आवडते. नाहीतर रविवारी दुप्पट करून, गार करून, मध्ये कागद घालून फ्रीझरमध्ये. सकाळी टोस्टरमध्ये टाकले की कडा कुरकुरीत होतात.

ओट्सबद्दल एक. माझ्या आईचं कोलेस्टेरॉल वाढलंय, म्हणून मी तुम्हाला विचारलं होतं की आता हे खाऊन उतरेल का. तुम्ही मला खोटी आशा दाखवली नाहीत, याचे वेगळे आभार. ओट्समधल्या बीटा-ग्लुकन या तंतूचा उपयोग होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९७ साली तसा दावा पाकिटांवर छापायला परवानगी दिली, पण त्यासाठी लागतात दिवसाला ३ ग्रॅम. तीन पॅनकेकमधून त्यातला लहानसा वाटाच पोटात जातो. ‘‘औषध चालू ठेवा आणि हे आवडीनं खा,’’ म्हणालात. आईनं दोन्ही केलं.

त्या तिसऱ्या रविवारी लेक उठून आली तेव्हा तुम्ही अजून टेबलाशी होतात. मी ताटलीत दोन पॅनकेक ठेवले, वर केळ्याच्या चकत्या, थोडा मध. तिनं काट्यानं एक तुकडा तोडला. मी श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिनं चावला, गिळला, आणि न बोलता दुसरा तुकडा तोडला. माझा जीव भांड्यात पडला. तिसरा पॅनकेक तिनं स्वतः जाळीवरून उचलला. तुम्ही टेबलाखालून माझ्या हातावर हलकेच थोपटलंत. ते तिनं पाहिलं नाही, पण मला ते अजून जाणवतं.

तुम्ही घर बदलून गेलात त्यालाही आता बरेच दिवस झाले. निघायच्या गडबडीत मी तुम्हाला धड निरोपही दिला नाही. जिन्यात भेटलो, सामान उचलू लागलो आणि बोलायचं ते राहून गेलं. तुम्ही माझी एक सकाळ घेतलीत आणि आमच्या घरच्या सगळ्या सकाळी सावरून दिल्यात. मनापासून आभार, ताई. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

लेक आता नऊ वर्षांची आहे. आज पीठ तिनं कालवलंय, लाकडी चमच्यानं, मोठ्यानं बारा मोजून. आत्ता ताटली बाजूला करून तिनं बोट बुडवलं आणि मला हाक मारली, ‘‘बाबा, टोचत नाही आता. तवा ठेव.’’

उठतो.

तुमचा,
शेजारचा भाऊ