ताईंच्या नावाचं लॉगिन

सर्व्हर रूममधल्या मॅडमना,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि आमच्या मशीनचा रूट पासवर्ड (सगळे हक्क असलेल्या मुख्य खात्याचा) कोणाकडे आहे हे गावभर सांगायचीही गरज नाही. तुमच्या टेबलापाशी येऊन आभार मानले, तर "अहो, चार कमांडचं तर काम" म्हणून तुम्ही उडवून लावलंत. म्हणून हे जाहीर पत्र.

चार कमांडचंच काम होतं, तर मग आधीच्यांना का सुचलं नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. पावसाच्या जुन्या नोंदवह्या कॉम्प्युटरवर उतरवण्याचं आमचं काम. फोल्डर एक, हात अनेक. एकाने फाइल बनवली की दुसऱ्याला ती उघडता यायची, पण दुरुस्ती करून सेव्ह करायला गेलं की 'परमिशन डिनाइड'. तक्रार केली की वरून उत्तर यायचं, "७७७ मारलंय, बघा आता." तीन सात म्हणजे फाइलचा मालक, त्याचा ग्रुप आणि मशीनवरचे बाकी सगळे, तिघांनाही पूर्ण मुभा. चालायचं, पण पुढची नवी फाइल बनेपर्यंतच. जुन्या फायलींचे दरवाजे सताड उघडले, तरी नवी फाइल जन्माला यायची ती बनवणाऱ्याच्या स्वतःच्या ग्रुपमध्ये आणि ०२२ च्या यूमास्कखाली (नव्या फाइलवरचे कोणते हक्क आपोआप काढायचे ते ठरवणारा आकडा), म्हणजे ६४४: मालकाने लिहायचं, बाकीच्यांनी फक्त वाचायचं. पुन्हा तक्रार, पुन्हा ७७७.

मग एकदा दुसऱ्याच प्रोजेक्टमधल्या एका मुलाने डिस्क साफ करताना आमच्या तपासून झालेल्या वह्यांचा फोल्डर उडवला. त्याला तरी काय बोलणार? फाइल पुसायला त्या फाइलवर हक्क लागत नाही. ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावर लिहिण्याचा हक्क पुरतो, आणि तो तर ७७७ ने अख्ख्या मशीनला वाटलेला होता. त्यावर आम्हाला मिळालेलं उत्तर: "फोल्डर तुमचा, काळजी तुम्हीच घ्यायची." शिवाय एक सल्ला, सगळ्यांनी सरांच्याच लॉगिनने काम करा, कटकट नको. तेव्हापासून सरांचा पासवर्ड ताईंच्या मॉनिटरला चिकटवलेला होता. कारण ताई डेटा एन्ट्रीला, कंत्राटी, आणि "टेम्पररी स्टाफला अकाउंट देत नाही".

तुम्ही आलात आणि कीबोर्डला हातच लावला नाही. खुर्ची ओढून विचारलंत, यात लिहिणार कोण, फक्त वाचणार कोण, आणि कोणाला हे दिसताच कामा नये? तिसरा प्रश्न आम्हाला आजवर कोणी विचारलाच नव्हता.

मग ताईंकडे वळून तुम्ही त्यांचं लॉगिन विचारलंत. त्यांनी मॉनिटरवरच्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. तुम्ही ती चिठ्ठी काढली, फाडली, तुकडे पर्समध्ये टाकलेत (टोपलीत नाही, हेही मी पाहिलं) आणि म्हणालात, "नावाचं स्पेलिंग कसं करता तुम्ही?" ताई जरा गोंधळल्या. बँकेत एक आहे, आधारवर दुसरंच आहे, कोणतं सांगू? तुम्ही म्हणालात, "सही करताना लिहिता ते."

मॅडम, माझे आभार मुख्यतः या एका वाक्याचे आहेत.

बाकीचं तुम्ही भराभर उरकलंत. आमचा एक ग्रुप केलात, फोल्डर त्या ग्रुपच्या नावे केलात, त्यावर २७७० लावलंत आणि यूमास्क ००२ वर आणलात. सुरुवातीचा २ कशासाठी, हे मात्र थांबून समजावलंत: आता या फोल्डरमध्ये बनणारी प्रत्येक फाइल फोल्डरचाच ग्रुप घेणार, बनवणारा कोणीही असो. आणि शेवटचं शून्य म्हणजे बाकीच्या मशीनला बाहेरूनच नमस्कार.

संध्याकाळी फायलींची यादी काढली, तर मालकाच्या रकान्यात ताईंचं नाव. इतकी वर्षं उडालेली शाई, इंचांतल्या नोंदी, कोणी घाईत खरडलेले सात की एक असे आकडे वाचून लावले ताईंनी, आणि मशीनच्या लेखी ते सगळं काम सरांचं होतं. सरांनीही ती यादी पाहिली. काही बोलले नाहीत, पण अहवालाच्या मसुद्यात ताईंचं नाव आलंय, एवढं तुमच्या कानावर घालते.

७७७ वाल्या साहेबांना युनिक्स (आमचं मशीन ज्यावर चालतं ती प्रणाली) येत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कदाचित तुमच्यापेक्षा जास्तच येत असेल. पण त्यांना आमचा फोन बंद व्हायला हवा होता, बस्स. अशी माणसं बँकेच्या खिडकीत भेटतात, तहसील कचेरीत भेटतात, आणि कधीतरी त्याच खिडकीत एखादा असा भेटतो जो चष्मा वर करून "बोला, काय अडलंय?" विचारतो, आणि अर्धं काम तिथेच होतं. अशा माणसांना पगारवाढ मिळते की नाही कोण जाणे. मिळायला हवी.

एक गंमत सांगायची राहिली. परवा आमच्या एका पीएचडीवाल्याने आपल्या होम फोल्डरमधून एक फाइल इकडे हलवली. तुम्ही बजावलं होतंत, 'एमव्ही' या कमांडने हलवलेली फाइल जुना ग्रुप घेऊनच येते, कॉपी करा. तो विसरला, बाकीच्यांना त्या फाइलमधली दुरुस्ती सेव्ह होईना, आणि पठ्ठ्या चमॉड ७७७ (हक्क बदलण्याची तीच जुनी कमांड) टाइप करायला लागला. ताई मागून ओरडल्या, "हात काढ आधी!" आता ग्रुपचं काही अडलं की आम्ही तुमच्याकडे न येता त्यांच्याकडे जातो.

आपली,
पावसाच्या वह्यांवाली